वाळवंटी शहरांतल्या नद्या आणि पाणपक्षी: पाणी नेमकं कुणाचं?

निळाखंड्या

अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्समध्ये सॉल्ट नदीच्या पात्रात पक्षी बघायला जातो तेव्हा एक प्रश्न डोक्यातून जात नाही. हे पाणी आलं कुठून, आणि ते कुणाच्या हक्काचं आहे? पाणथळीबद्दल बोलताना आपण झाडं, मासे, घरटी यांवर भरपूर बोलतो. पण वाळवंटी शहरात पक्षी टिकणार की नाही, हे बहुतेक वेळा पाण्याच्या हिशेबाच्या वहीत ठरतं असं माझं ठाम मत झालं आहे. त्यावर चर्चा व्हावी म्हणून हा धागा.

सॉल्ट नदी मुळात लहान नाही. पूर्वेकडच्या डोंगरांतलं बर्फ आणि पाऊस तिला मिळतो. १९११ मध्ये रूझवेल्ट धरण पूर्ण झालं, मग त्याखाली आणखी धरणं झाली. शहराच्या वरच्या अंगाला ग्रॅनाइट रीफ बंधारा आहे, तिथे उरलंसुरलं सगळं पाणी दोन्ही काठांच्या कालव्यांत वळवलं जातं. बंधाऱ्याच्या वर वाहती नदी आणि खाली ठणठणीत कोरडं पात्र. शहरातल्या पात्राचा उपयोग काय, तर वाळू-खडी काढायची आणि कचरा टाकायचा. धरणातून पूर सोडला की तेवढ्यापुरती नदी दिसायची.

२००५ मध्ये शहराच्या मध्याजवळ सुमारे आठ किलोमीटरचा पट्टा पुन्हा जिवंत करून लोकांसाठी खुला केला. कॉटनवुड, विलो, मेस्कीट लावले, डबकी आणि ओहोळ केले. त्यासाठी उथळ भूजल उपसलं जातं. पश्चिमेला, सॉल्ट, हीला आणि आग्वा फ्रिया या तीन नद्या भेटतात त्या भागात, त्रेस रिओसची पाणथळ आहे. तिथे येणारं पाणी शहराच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रातलं. मला सगळ्यात जास्त पक्षी इथेच दिसतात.

काठाशी शांतपणे बसलं की पाणी बोटाबोटाने खोल होत जातं तसे पक्षी बदलताना दिसतात. ओल्या चिखलावर किलडिअर आणि चिमुकले लीस्ट सँडपायपर, जेमतेम नखं बुडतील एवढ्या पाण्यात. त्याच्या पुढे लांब गुलाबी पायांवर काळ्या मानेचे शेकाटे. मग शेपटी वर आणि डोकं खाली करून चरणारी सिनॅमन टील, थापट्या. ती बुडी मारत नाहीत, मान पोचेल तिथवरच त्यांचं राज्य. बुडी मारणारी रिंग-नेक्ड बदकं आणि पाणकावळे आणखी पुढे, खोल पाण्यात. पाणकणसाच्या गर्दीत लीस्ट बिटर्न आणि रिजवेज रेल, जे दिसण्यापेक्षा ऐकूच जास्त येतात. पात्र सरळसोट खोल केलं तर या सगळ्या ओळी पुसल्या जातात आणि फक्त शेवटची उरते.

मे-जूनमधलं शेकाट्याचं घरटं तर प्रत्येकाने एकदा लांबून बघावं. तापमान चाळिशीच्या वर गेलेलं, सावलीचा पत्ता नाही, अंडी उघड्या जमिनीवर. जोडीतला एक उठतो, पाण्यात जाऊन पोटाची पिसं चिंब भिजवतो, तसाच चालत येऊन अंड्यांवर बसतो. दुसरा जातो. दिवसभर हेच. त्या पक्ष्याला अंडी उबवायची नसतात, थंड ठेवायची असतात! अशा घरट्यापासून पाणी पन्नास पावलं मागे सरकलं तर काय होईल, हा विचार करा.

तुमच्या बघण्यात अशा शहरांतल्या नद्या असतील तर लिहा. पक्षी कोणते, आणि पाणी कुठलं, दोन्ही.

पाणकणीस

धागा वाचून राहवलं नाही. अ‍ॅरिझोनातल्याच टुसॉनची सांता क्रूझ नदी गेली काही वर्षं जवळून बघते आहे.

ही नदी काही भागांत बारमाही होती. भूजलाचा उपसा वाढला, पात्र खोल चिरत गेलं, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शहरात ती कोरडी पडली. नंतर वाहू लागली ती प्रक्रिया केंद्रांच्या पाण्यावर. सुरुवातीचं ते पाणी काही चांगलं नव्हतं, अमोनिया भरपूर. २०१३ मध्ये केंद्रांची मोठी सुधारणा झाली आणि फरक मासे-किड्यांत दिसला. २०१७ मध्ये हीला टॉपमिनो हा दुर्मीळ झालेला बोटाएवढा मासा शहराजवळच्या प्रवाहात पुन्हा सापडला. मासा आला की बगळे काही लांब नसतात.

यात एक गंमतशीर गुंता आहे. पाणी स्वच्छ झाल्यावर नदी आखूड झाली! आधीच्या पाण्यातल्या गाळाने आणि शेवाळाने तळावर थर धरला होता, त्यामुळे पाणी मुरत नव्हतं आणि लांबवर वाहत जायचं. थर कमी झाला तसं ते वाळूत लवकर मुरायला लागलं. भूजलाला फायदा, पण खालच्या टप्प्यातल्या विलोच्या मुळांना आणि तिथल्या पक्ष्यांना तोटा.

२०१९ च्या जूनपासून शहराच्या मध्यभागाजवळही शुद्ध केलेलं पाणी पात्रात सोडतात, दिवसाला साधारण एक कोटी लिटरपर्यंत. काही महिन्यांत चतुर, बेडूक, किलडिअर हजर. कुणी आणून सोडले नव्हते. ओल दिसली की वाळवंटात बातमी पसरते.

कोरडवाहू

पक्ष्यांबद्दल मलाही प्रेम आहे, पण एक अवघड गोष्ट विचारतो. जिथे वर्षाला वीस सेंटिमीटरसुद्धा पाऊस नाही आणि माणसांना पाणी मोजून वापरावं लागतं, तिथे उघड्या पात्रात पाणी सोडणं योग्य आहे का? उन्हाने उडून जाणार, झाडं पिणार. तेच पाणी पाइपातून शेतीला किंवा जमिनीत भरायला वापरलं तर दुसरीकडच्या एखाद्या जिवंत नदीवरचा भार कमी होईल. त्या नदीतही पक्षी आहेतच ना?

निळाखंड्या

@कोरडवाहू, प्रश्न अगदी योग्य आहे आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही.

बाष्पीभवन होतं हे खरं, झाडंही पाणी ओढतात. पण वाळूच्या पात्रात सोडलेलं बरंचसं पाणी खाली मुरतं. म्हणजे भूजल भरणं आणि पक्षी हे एकाच पाण्यात बसू शकतात. फिनिक्सशेजारच्या गिल्बर्टमध्ये हेच केलंय. तिथे तळी आहेत ती मुळात शुद्ध केलेलं सांडपाणी जमिनीत मुरवण्यासाठी. सगळी एकदम भरत नाहीत. एक भरलेलं, एक उतरणीला लागलेलं, एक वाळत असलेलं. तळ वाळू दिला की तो पुन्हा नीट मुरवतो, म्हणून अभियंत्यांना हे चक्र हवंच असतं. आणि उतरणीला लागलेल्या तळ्याच्या चिखलात अ‍ॅव्होसेट, डोविचर, सँडपायपर यांची झुंबड. पक्ष्यांसाठी वेगळं पाणी द्यावं लागलं नाही, फक्त क्रम नीट लावावा लागला. कडेचे उतार हळुवार ठेवले आणि मध्ये लहान बेटं ठेवली हे मात्र मुद्दाम केलेलं.

खरी ओढाताण वेगळीच आहे. त्रेस रिओसला पाणी देणाऱ्या त्याच केंद्राचं पाणी लांब पाइपातून पालो वेर्दे अणुवीज केंद्राला थंड करायला जातं. एवढं मोठं अणुवीज केंद्र, आणि जवळ ना समुद्र ना मोठी नदी. सगळी भिस्त शहराच्या सांडपाण्यावर. म्हणजे शहरातल्या न्हाणीघरांतून निघालेल्या पाण्याला वीज केंद्र, शेती, भूजल आणि रिजवेज रेल असे चार गिऱ्हाईक. यातल्या तिघांकडे करार आहेत. चौथ्याकडे काय आहे?

दर्यावर्दी

शेवटचा मुद्दा पटला. अ‍ॅरिझोनात तर हिशेबाचा नियमच बराच काळ नदीच्या विरोधात होता. खास बांधलेल्या तळ्यात पाणी मुरवलं तर जवळपास सगळं शहराच्या खात्यावर जमा (म्हणजे नंतर तेवढं उपसायचा हक्क), आणि तेच नैसर्गिक पात्रात सोडलं तर निम्मंच श्रेय. कुठलं शहर मग नदी निवडेल? पक्षीप्रेमींनी असले नियम वाचायला हवेत. कंटाळवाणे असतात, पण अधिवास तिथेच घडतो किंवा मोडतो.

मी लास वेगासजवळच्या वॉशबद्दल सांगतो, तिथे हिशेब नदीच्या बाजूने आहे. घरांतलं आणि हॉटेलांतलं सांडपाणी शुद्ध होऊन या सुमारे १९ किलोमीटरच्या ओढ्यातून लेक मीड या जलाशयाला परत जातं. शहर पाणी उचलतं तेही तिथूनच. परत दिलेल्या पाण्याएवढं पाणी शहराला जास्तीचं उचलता येतं. त्यामुळे तो ओढा कधी आटत नाही, उन्हाळा असो की दुष्काळ.

पण तिथे दुसरंच संकट आलं. शहर वाढलं तसा प्रवाह वाढला, आणि जोराच्या पाण्याने तळ कापत नेला. पात्र खोल गेलं, कडेच्या पाणथळीचं पाणी त्यात निचरून गेलं. १९७० च्या दशकात दोन हजार एकर असलेली पाणथळ शतक संपताना दोनशेच्या आसपास उरली. पाणी भरपूर आणि तरीही अधिवास गेला! मग प्रवाह अडवून संथ करणारे दगड-काँक्रीटचे वीसेक बंधारे टप्प्याटप्प्याने बांधले, मागे पाणी पसरलं, टॅमरिस्क हे बाहेरून आलेलं झुडूप काढून स्थानिक झाडं लावली. आता त्या बंधाऱ्यांमागे वारकरी (कूट हे काळे पाणपक्षी), टिबुकल्यांचे भाऊबंद, हिरवे बगळे, रातबगळे बारमाही दिसतात. किती पाणी एवढंच विचारून भागत नाही, ते कुठल्या वेगाने जातं हेही बघावं लागतं.

सईची_दुर्बीण

मी नवीन आहे, साधा प्रश्न विचारते. सांडपाण्यावर जगणारे पक्षी आजारी नाही पडत? आम्ही मुलांना घेऊन जातो तेव्हा तेही विचारतात.

जलशोधक

@सईची_दुर्बीण, माझं काम पाणी शुद्धीकरणातलं आहे म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

नीट प्रक्रिया केलेल्या पाण्यात नत्र आणि स्फुरद थोडं उरतंच. त्यावर शेवाळ वाढतं, शेवाळावर कायरोनोमिड या डासांसारख्या बारीक माश्यांच्या लालसर अळ्या. चिखलाचा मूठभर गोळा पाण्यात विरघळवला तर त्या वळवळताना दिसतात. लांबच्या प्रवासावर असलेल्या सँडपायपरला आणि बदकांच्या पिल्लांना हे उत्तम खाद्य. जगभरात पक्षीनिरीक्षक सांडपाण्याच्या तळ्यांवर गर्दी करतात ते उगाच नाही. ऑस्ट्रेलियात अ‍ॅलिस स्प्रिंग्जची टॉड नदी बहुतेक काळ कोरडी असते, आणि पाणपक्षी बघायला लोक जातात ते तिथल्या सांडपाण्याच्या तळ्यांवर.

धोका असतो तो मुख्यतः उन्हाळ्यात, बोटुलिझमचा. गरम, साचलेलं, प्राणवायू कमी झालेलं पाणी आणि कुजणारे अवशेष मिळाले की क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम हा जिवाणू विष तयार करतो. एक बदक मरतं, त्याच्या अंगावर माश्यांच्या अळ्या होतात, अळ्यांत विष साठतं, दुसरं बदक त्या अळ्या खातं आणि तेही जातं. असं चक्र सुरू झालं की थोड्या दिवसांत शेकडो पक्षी. आजारी बदक ओळखू येतं. पंख लोळागोळा, मग मान धरवत नाही, आणि शेवटी उथळ पाण्यातच बुडून मरतं. उपाय एकच वेळेवर चालतो: मेलेले पक्षी रोज उचलायचे आणि पाणी हलतं ठेवायचं. मानेत ताकद नसलेलं बदक दिसलं तर स्वतः हात लावू नका, तिथल्या कर्मचाऱ्यांना लगेच कळवा.

प्रक्रिया नीट झालीच नाही तर मात्र चित्र पार बदलतं. जोधपूरजवळच्या जोजरी नदीत कापड रंगाईचं आणि कारखान्यांचं पाणी वर्षानुवर्षं येत राहिलं. तीही मरुभूमीतली नदी, तीही शहराच्या पाण्यावर वाहणारी. पण ते पाणी शेतजमीन नासवतं आणि विहिरींत उतरतं. पात्रात पाणी आहे एवढ्यावरून अधिवास आहे असं समजू नये.

रेतीतला_चतुर

रियाधबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. वादी हनीफा हे वाळवंटी नदीचं पात्र (वादी) शहराच्या पश्चिमेकडून सुमारे १२० किलोमीटर जातं. अनेक वर्षं तिथे राडारोडा, कचरा, सांडपाणी टाकलं गेलं. मग मोठ्या प्रमाणावर सफाई झाली, दगडी पायऱ्यांसारखे छोटे बंधारे घातले, आणि पाणी शुद्ध करायला रसायनांऐवजी जिवंत यंत्रणा उभी केली. लहान-लहान कप्प्यांतून पाणी फिरतं, त्यात हवा मिसळतात, शेवाळ आणि सूक्ष्मजीव घाण खातात, तिलापिया मासे शेवाळ खातात. २०१० मध्ये या कामाला आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला.

दक्षिणेला अल-हाइरच्या बाजूला गेलात की बोरूच्या बेटांत पाणकोंबड्या, लिटल बिटर्न, स्क्वाको बगळे, शेकाटे. थंडीत उत्तरेकडची बदकं. आता निळाखंड्या यांनी विचारलेला प्रश्न, पाणी कुठलं? शहराला येणाऱ्या पाण्याचा मोठा हिस्सा आखाताच्या किनाऱ्यावर समुद्राचं पाणी गोडं करून, चारशे किलोमीटरहून लांब पाइपातून, चढावर पंपाने आणलेला असतो. घरांत वापरून झालं की शुद्ध होऊन, किंवा जमिनीतून झिरपून वादीत येतं. म्हणजे मी ज्या पाण्यात बगळा बघतो ते काही दिवसांपूर्वी समुद्रात होतं! हे मला अजूनही अद्भुत वाटतं. आणि भीतीही वाटते, कारण हा सगळा प्रवाह विजेवर उभा आहे.

कोरडवाहू

सगळ्यांचे प्रतिसाद काळजीपूर्वक वाचले. मुरवण्याच्या तळ्यांचं उदाहरण पटलं, त्याला माझा विरोध राहत नाही. पण मग असं विचारतो: शहरं आता सांडपाणी पिण्याच्या दर्जाचं करून परत नळात घेण्याच्या मार्गावर आहेत. तसं झालं तर या नद्यांत काय उरणार? इराणमधल्या इस्फहानची झायंदेहरूद नदी बघा. वर अडवाअडवी आणि वळवावळवी, त्यात दुष्काळ. शतकानुशतकं वाहणारी नदी जुन्या पुलांखाली वर्षातले कित्येक महिने कोरडी, आणि तिच्या टोकाची गावखूनी पाणथळ, जी १९७५ पासून महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसार यादीत आहे, ती तहानलेली. यादीत नाव असून पाणी आलं नाही.

दर्यावर्दी

हीच खरी धोक्याची जागा. पाणीबचत जितकी चांगली तितकं सांडपाणी कमी, आणि पुनर्वापर जितका जास्त तितका नदीचा वाटा कमी. दोन्ही गोष्टी शहाणपणाच्याच आहेत, म्हणून कुणी आवाज उठवत नाही. माझ्या मते पात्रात किमान एवढं पाणी वर्षभर राहीलच, असा आकडा करारात लिहिलेला हवा. उद्यान, फलक, निरीक्षण मनोरे नंतर. आकडा नसेल तर पहिल्याच टंचाईत कपात पक्ष्यांची होणार.

पाणकणीस

सहमत. आणि आकड्याबरोबर महिनाही लिहायला हवा. वर्षाची सरासरी कागदावर छान दिसते, पण जूनमध्ये तीन आठवडे पाणी बंद ठेवलं तर त्या वर्षीची सगळी घरटी गेली.

जाता जाता, ‘नदी पुनरुज्जीवन’ म्हणून नुसता तलाव करतात त्याबद्दलही बोलायला हवं. फिनिक्सशेजारच्या टेंपीमध्ये सॉल्ट नदीच्याच पात्रात बांध घालून १९९९ मध्ये लांबलचक तलाव भरला. नौकाविहाराला उत्तम. पाणकावळे, ग्रीब, थंडीत काही बुडी बदकं येतात. पण कडा काँक्रीटच्या, पाणी काठापासूनच खोल, चिखल नाहीच. शेकाट्याने उभं कुठे राहायचं? तलावाला माझा विरोध नाही, पण त्याच्या एका कडेला जरी शंभर मीटर उथळ उतार दिला असता तरी किती पक्ष्यांची सोय झाली असती.

सईची_दुर्बीण

खूप शिकायला मिळालं, धन्यवाद. @जलशोधक, मुलांना अळ्यांचा भाग फार आवडला. आता एक व्यावहारिक प्रश्न. सँडपायपर वगैरे बघायला थंडीची वाट बघायची का? आणि शेकाट्याच्या घरट्याजवळ किती अंतर ठेवायचं?

निळाखंड्या

@सईची_दुर्बीण, बदकांसाठी थंडी, पण चिखलातल्या पक्ष्यांसाठी थांबू नका. उत्तरेतलं प्रजनन आटोपून लीस्ट आणि वेस्टर्न सँडपायपरची मोठी मंडळी जुलैतच परतीला लागतात, त्या वर्षीची पिल्लं ऑगस्टपासून मागोमाग येतात. म्हणजे ऐन भट्टीत. उजाडायच्या आधी पोचा, ऊन चढायच्या आत निघा, पाणी आणि टोप्या विसरू नका. उतरणीला लागलेलं तळं शोधा, भरलेलं नाही. कुठलं उतरतंय ते तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारलं की सांगतात.

घरट्यासाठी मीटरमध्ये आकडा देत नाही, पक्षीच सांगतो. शेकाट्या उठून ‘किप किप’ ओरडत डोक्यावर घिरट्या घालायला लागला की तुम्ही आधीच फार जवळ आला आहात. त्याच वाटेने लगेच मागे फिरा. तो हवेत असेपर्यंत अंडी उन्हात उघडी असतात, आणि त्या उन्हात काही मिनिटंही पुरतात. फोटोसाठी थांबू नका. मुलांना लांबून दुर्बिणीतून त्याचं ओलं पोट दाखवा, पिसांतून पाणी ठिबकताना स्पष्ट दिसतं.

@दर्यावर्दी, करारातल्या आकड्याबद्दल वेगळा धागा काढता का? लास वेगासचा हिशेब तुम्ही चांगला मांडता, आणि गिल्बर्टच्या तळ्यांचं भरण्या-वाळण्याचं वेळापत्रक मी तिथे लिहीन.

दर्यावर्दी

काढतो. या आठवड्यात वेळ मिळाला की लगेच. @रेतीतला_चतुर, रियाधला वादीत किती पाणी सोडायचं हे कोण ठरवतं, ते तुम्हाला माहीत असेल तर तिथे नक्की लिहा.